मुंबईला वळसा घालून

आमच्याकडे कोणी गाडी म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, मुंबईला कधी पोचते. ती कुठून आली, नाव काय, ते सगळं नंतर. कोकणातल्या माणसाच्या डोक्यातला नकाशा फार साधा असतो, खाली गाव, वर मुंबई आणि मध्ये जो काय त्रास असेल तो. आईच्या लग्नाच्या वेळी हा त्रास बोटीचा होता, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि पुढे दोन दिवस पायाखालची जमीन हलतेय असं वाटत राहायचं. मग तो एसटीचा झाला, कशेडी घाट यायच्या आत खिडकी कोणाला यावरून भांडणं. आणि १९९८ नंतर रेल्वेचा. त्रास बदलत गेला, टोकं तीच. त्यामुळे पंचवीसेक वर्षं आमच्या गावावरून एक गाडी जाते जिला मुंबईशी काही देणंघेणंच नाही, ही गोष्ट माझ्या खऱ्या अर्थानं लक्षात आली ती पस्तिशी उलटल्यावर, तीसुद्धा आईमुळे.

ही गाडी म्हणजे तिरुवनंतपुरमहून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाणारी राजधानी. आठवड्यातून तीन दिवस. २,८०० किलोमीटरहून जास्त पल्ला, देशातल्या सगळ्या राजधानी गाड्यांमध्ये सगळ्यात लांबचा. केरळ, कर्नाटकाचा किनारा, गोवा, कोकण, गुजरात, मध्य प्रदेशाचा कोपरा, राजस्थान करत दिल्ली. आमच्या जिल्ह्यात ती रत्नागिरीला थांबते, थोडी मिनिटं.

माझं गाव आरवलीच्या बाजूला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्या वयात नवीन आलेली रेल्वे म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरामागे आधीपासूनच रूळ आहेत त्यांना नाही समजवता येणार. आम्ही शाळेतून येताना स्टेशनवरून यायचो, म्हणजे तो रस्ता लांबचा होता तरी. लाईन एकच. म्हणजे समोरून गाडी यायची असली की एकीनं स्टेशनात बाजूच्या लाईनला जाऊन गप उभं राहायचं, आणि कोणी उभं राहायचं हे ठरलेलं असायचं. पॅसेंजरनं. नेहमी पॅसेंजरनं. आतली माणसं खाली उतरून पाय मोकळे करतायत, कोणी बाटली भरून घेतंय, एखादी बाई करवंदं नाहीतर काजूगर विकतेय, पोरं गजांना लोंबकळतायत, आणि मग कोणीतरी म्हणायचं, दिल्लीवाली येतेय. की सगळे मागे सरायचे. सिग्नल, मग रुळांतून तो बारीक किणकिण आवाज, मग डिझेल इंजिनाचा भोंगा, आणि मग नुसता वारा आणि माती आणि लाल रंग. आम्ही डबे मोजायचो, दर वेळी आकडा वेगळा यायचा. आणि आत कोण बसलंय ते कधीच दिसायचं नाही कारण काचा काळ्या. पॅसेंजरच्या खिडकीतून माणसं दिसतात, हात दिसतात, वाळत घातलेला टॉवेल पण दिसतो. हिच्यातून काहीच नाही. मला लहानपणी खूप दिवस वाटायचं की ती रिकामीच जाते.

मोठी माणसं वैतागायची. जमीन आमची आणि गाडी त्यांची, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते आमच्या बोलीतल्या म्हणीसारखंच झालंय. कोकण रेल्वेसाठी बागा गेल्या, भातखाचरं गेली, नव्वदहून जास्त बोगदे खणले, आणि मग गाड्या आल्या त्यातल्या अर्ध्या गोव्याच्या नाहीतर केरळच्या. राग खरा आहे. पण खरं सांगू का, राजधानी आरवलीला थांबावी असं मला आजही वाटत नाही, प्रत्येक ठिकाणी थांबली तर ती राजधानी कसली. मला पॅसेंजरला चार डबे जास्त हवेत. गणपतीत ती ज्या अवस्थेत येते ते बघितलंय का कोणी. पण ते असो, तो वेगळा लेख होईल.

राजधानी ही कल्पना मुळात अशा प्रवासासाठी नव्हतीच. पहिली राजधानी मार्च १९६९ मध्ये दिल्ली आणि हावड्याच्या मध्ये धावली, साडेचौदाशेच्या आसपास किलोमीटर सतरा तास वीस मिनिटांत, जिथे आधी जवळजवळ अख्खा दिवस जायचा. वेग जास्तीत जास्त ताशी १२० किलोमीटर, त्या काळात आपल्याकडे हा आकडा मोठा होता. १९७२ मध्ये मुंबईची सुरू झाली. हिशोब सरळ होता, संध्याकाळी चढा, जेवा, झोपा, सकाळी दिल्लीत साहेबासमोर फाईल घेऊन उभे राहा. एक रात्र. बाकीच्या गाड्या बाजूला करून हिला रस्ता द्यायचा. जेवण तिकिटातच, अंथरूण-पांघरूण तिकिटातच, सगळे डबे एसी. म्हणजे ती एका रात्रीची गाडी. आणि गंमत म्हणजे मुंबईची ही पहिली राजधानी सुटायची आणि सुटते ती मुंबई सेंट्रलवरून, पश्चिम रेल्वेनं, सुरत-बडोद्यावरून. आपल्या मध्य रेल्वेच्या वाटेनं, कल्याण-नाशिकवरून दिल्लीला राजधानी जायला १९ जानेवारी २०१९ उजाडला. त्या गाडीला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे इंजिनं लावली म्हणून कसारा घाटात मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, जोडायला थांबायची भानगड गेली. सत्तेचाळीस वर्षांचं अंतर आहे या दोन गाड्यांत, आणि एकाच शहरातून सुटतात दोन्ही.

पण दिब्रुगड किंवा तिरुवनंतपुरम अशा टोकाच्या ठिकाणांना जेव्हा राजधानी गेली तेव्हा तो एका रात्रीचा हिशोब मोडला. नाव तेच, रंग तोच, पण आत दोन-दोन रात्री माणसं राहतात. राहतात हाच शब्द बरोबर आहे.

नावावरून एक आठवलं. प्रत्येक राज्याची राजधानी दिल्लीला जोडायची म्हणून हे नाव. आता रत्नागिरी काही कोणाची राजधानी नाही, पण राजधानी गेलेला एक राजा मात्र आमच्याकडे तीस वर्षं राहिला. ब्रह्मदेशाचा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याला मंडालेहून उचलला, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. थिबा पॅलेसला शाळेची सहल सगळ्यांचीच जाते. तिथे मागच्या बाजूनं खाडी दिसते आणि आमचे सर सांगायचे की राजा इथे बसून जहाजं बघायचा. खरंखोटं सरांना माहीत. पण येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसणं हे रत्नागिरीला नवीन नाही, एवढंच म्हणायचंय.

तर आई. २०२४ च्या डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली, दिल्लीत. बारशाला जायचं. विमानाला आई तयार नव्हती, कारण विचारलं तर म्हणाली कानात दडे बसतात, कधी बसली नाहीये ती विमानात पण कोणीतरी सांगितलेलं. खरं कारण मला नंतर कळलं, विमानात वीस किलो सामान न्यायला देत नाहीत असं शेजारच्या काकूंनी भरवलेलं, आणि आईच्या यादीत नुसते नारळच बारा होते. मग मी पुण्याहून तिकीट काढलं, रत्नागिरी ते निजामुद्दीन, सेकंड एसी. राजधानीला २०१६ पासून ते फ्लेक्सी भाडं आहे, दर १० टक्के बर्थ भरले की भाडं मूळ भाड्याच्या १० टक्क्यांनी वर सरकतं, सेकंड एसीत आता १.४ पटीपर्यंत. मी एक दिवस विचार करण्यात घालवला आणि तो एक दिवस मला महागात पडला. आईला तिकिटाचा आकडा सांगितलाच नाही. विचारलं तर म्हटलं, जेवण धरून आहे. त्यावर ती म्हणाली, मग ठीक आहे, पण भाकऱ्या मी घेणारच.

आधल्या दिवशी मी गावी आले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही रत्नागिरी स्टेशनवर, एक बॅग, दोन पिशव्या, एक गोणपाटात शिवलेलं बोचकं. आई इस्त्रीची साडी नेसून. गाडी आली, डब्याच्या दारात युनिफॉर्ममधला अटेंडंट उभा, त्यानं बोचक्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता वर ओढून घेतलं, त्या एका गोष्टीसाठी मी त्याला पुढचा अख्खा प्रवास मान दिला.

मधल्या स्टेशनवरून चढणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मुंबईच्या गाडीत आपण सगळे एकाच कारणानं एकाच दिशेला जात असतो. इथे आत शिरलो तर घर लागलेलं. लोक आदल्या दिवसापासून त्यात होते, वीसेक तास झालेले, चपला बर्थखाली रांगेत, हुकांना पिशव्या, एकमेकांच्या मुलांची नावं पाठ, आमच्या बर्थवर एका पोराची चित्रकलेची वही आणि खडू पसरलेले. पोराच्या आईनं ते घाईघाईत गोळा केलं आणि मलाच कसनुसं झालं, जणू आम्ही कोणाच्या घरी न सांगता आलोय. कानावर सगळं मल्याळम. दोन टोकांची गाडी आहे ही, तिरुवनंतपुरमची आणि दिल्लीची, आणि आपण मधले. मधल्यांना कोणी हाकलत नाही, पण त्यांच्यासाठी कोणी जागा धरून ठेवलेली असते असंही नाही.

समोरच्या बर्थवर एक अम्मा होत्या, आईच्याच वयाच्या, कण्णूरला चढलेल्या, केसात अजून आदल्या दिवसाचा गजरा सुकलेला. त्यांची मुलगी दिल्लीत नर्स. हे सगळं मला त्यांच्या पुतण्याकडून इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणातून कळलं, अम्मांना मल्याळम सोडून काही येत नव्हतं आणि आईला मराठी सोडून. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मग आपापल्या खिडकीकडे बघत बसल्या. तेवढ्यात करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा, आणि काचेत बाहेरचं सगळं जाऊन आम्हा चौघांचे चेहरेच दिसायला लागले.

बोगद्यातून बाहेर आल्यावर आई सरसावून बसली. उक्षी गेलं, संगमेश्वर गेलं. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. आरवली स्टेशन आलं ते म्हणजे काय, चार श्वासांइतकं, बाजूच्या लाईनला एक गाडी उभी, खाली उतरलेली माणसं, स्टेशनचा पिवळा बोर्ड, पलीकडे आमच्या वाडीकडे जाणारा रस्ता, आणि आईनं हात केला. अगदी जोरात, काचेला बोटं लागतील इतका. कोणाला केला म्हटलं. म्हणाली, असंल कोणतरी आपलं. मी तिला सांगितलं नाही की बाहेरून काही दिसत नाही. दहा वर्षांची असताना मी ज्या काचेकडे बघून ही गाडी रिकामी आहे असं म्हणायचे ती ही काच. म्हणजे तेव्हाही आतून कोणीतरी हात करत असेल की काय, हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं.

आमच्या वाडीतला एक जण रेल्वेत पेट्रोलिंगला आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, आणि हा आणि याच्यासारखे बाकीचे रात्रभर हातात बॅटरी घेऊन रुळांवरून चालत असतात, कुठे दरड आलीय का, माती सरकलीय का, कटिंगमधून पाणी कसं येतंय. सकाळी तो घरी येतो तेव्हा त्याच्या पायांची कातडी पांढरी पडलेली असते. त्यानं राजधानीचा आतला डबा कधी बघितलेला नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, मला तिचे दिवे माहितीयत ना, बास.

चिपळूणच्या पुढे दोघींची भाषेची भिंत पडली आणि ती पडली सुकटीनं. झालं असं की गाडीतलं जेवण आलं, ट्रे, त्यात पनीर, डाळ, भात, दही. आईनं तो ट्रे सगळ्या बाजूंनी बघितला, दही बाजूला काढलं आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. मी म्हटलं आई नको, एसी डबा आहे, वास जाणार नाही बाहेर. तोवर झाकण उघडलेलं. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची सुकी चटणी, खोबरं लावून, लाल. तो वास त्या थंड बंद डब्यात असा पसरला की मी खाली मान घालून बसले, पलीकडच्या एका गृहस्थांनी पडदा ओढून घेतला, आणि समोरून आवाज आला, चेम्मीन! अम्मा उठून बसलेल्या. उणक्क चेम्मीन, पुतण्यानं सांगितलं, म्हणजे सुकवलेली कोळंबी. आईनं सांगितलं, हो, सुकट. चेम्मीन, सुकट, चेम्मीन, सुकट, असं दोघींनी तीन-चार वेळा एकमेकींना ऐकवलं आणि आईनं अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. मग अम्मांच्या पिशवीतून केळ्याचे वेफर्स आले, खोबरेल तेलात तळलेले, आणि त्यावर पण एक लांब चर्चा झाली जिच्यात एकही शब्द दोघींना समाईक नव्हता. नारळ कसा खवायचा याचे हातवारे मात्र अगदी सारखे होते. मला तोपर्यंत केरळ म्हणजे फार लांब वाटायचं. ते तसं लांब नाहीये, मध्ये सगळा एकच समुद्र आहे, आणि पावसाआधी अंगणात मासळी वाळत घालणाऱ्या बायका आहेत. दिल्ली लांब आहे.

रोहा गेलं, पेण गेलं, आणि पनवेल जवळ यायला लागलं तशी आई उठली आणि तिनं चपला घातल्या. बोचकं पुढे ओढलं. मी म्हटलं काय गं, तर म्हणाली, पनवेल आलं ना. तिचं शरीरच ठरवून बसलेलं. पनवेल म्हणजे आवरायचं, ठाणे म्हणजे दाराशी यायचं, दादरला उतरायचं. मी म्हटलं आपल्याला उद्या उतरायचंय. ती बसली, पण चपला काढल्या नाहीत.

आणि मग ते झालं ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. पनवेलवरून गाडी तळोजा, निळजे करत दिव्याच्या अंगाला आली आणि तिथून वसईच्या लाईनला लागली. ज्यांनी ही लाईन बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, ही मुंबईच्या पाठीमागून जाते. कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र, वसई. मुंबईत न शिरता मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर. बाहेर अंधार पडत आलेला, भिवंडीची गोदामं, ट्रकांच्या रांगा, मग खाडी, मिठागरं, लांबवर इमारतींचे दिवे. आईनं विचारलं, मुंबई कुठाय. मी डावीकडे बोट दाखवलं. तिकडे आकाश नुसतं तांबूस दिसत होतं.

आई मुंबईत पाच वर्षं राहिली. लग्न झाल्यावर बाबांबरोबर लालबागला, चाळीतल्या एका खोलीत, जिच्यात बाबा, त्यांचे दोन भाऊ आणि गावचे आणखी तिघं असत, शिफ्टप्रमाणे झोपणारे. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप कधी मिटला असं कोणी म्हणत नाही कारण तो मिटलाच नाही, तो विरून गेला. आमचं बिऱ्हाड दीड वर्षानं गावी आलं. त्यानंतर आई मुंबईला लग्नाकार्याला, बाळंतपणाला, दवाखान्याला गेली, पण दर वेळी जाताना तिचा चेहरा मी बघितलाय, एखाद्या उसनवारी असलेल्या घरी जाताना होतो तसा. बाबा गेले तेही मुंबईतच, मोठ्या दवाखान्यात नेलं होतं म्हणून. आमच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या गोष्टीला मुंबईची सही लागते. नोकरी, आजारपण, सोयरीक, मनिऑर्डर, सगळ्याला.

आणि आता ती मुंबई डावीकडे नुसती तांबूस उजेडासारखी सरकत होती. गाडी हळू चाललेली. आई काचेला कपाळ टेकवून बघत होती, बराच वेळ. मला वाटलं ती बाबांचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "ही वाट आधी होती काय गो?"

होती, म्हटलं. आधीपासून होती.

"कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि वसईच्या अलीकडे कधीतरी तिनं चपला काढून बर्थखाली सारल्या.

(कोणी म्हणेल मंगला एक्सप्रेस पण कोकणातून दिल्लीला जाते, अनेक वर्षं. जाते. पण ती कल्याणला थांबते, आणि आमच्याकडे कल्याण म्हणजे मुंबईच. तिथे आमची निम्मी वाडी राहते.)

वसईनंतर गाडीनं वेग घेतला. हे सांगून कळत नाही, पायाला कळतं. कोकणातल्या वळणांवर ती सांभाळून चाललेली असते, गुजरातच्या सपाटीवर एकदा का डबल लाईन मिळाली की एक वेगळीच लय येते, आणि हे नव्या बनावटीचे एलएचबी डबे जुन्या डब्यांसारखे खडखडत नाहीत, नुसते एक बारीक थरथरत राहतात. रात्रीच्या जेवणाआधी टोमॅटो सूप आलं, काड्यांसकट. आईनं काडी हातात धरून विचारलं ढवळायला आहे काय, मी म्हटलं खायची आहे, तर तिनं ती पदराच्या टोकात गुंडाळून ठेवली, नातीसाठी. दहा दिवसांच्या नातीसाठी. अम्मांनी त्यांचीही दिली.

मला झोप लागली. मधूनमधून जाग आली की बाहेर एखादं स्टेशन उजेडाचा पट्टा होऊन जायचं, आणि बाजूच्या लाईनला एखादी गाडी थांबलेली दिसायची, तिच्या दारात बसलेली माणसं, कांबळं पांघरलेली, आमच्याकडे बघणारी. माझा हात एकदा वर गेला होता. अर्ध्यात खाली आला.

सकाळी राजस्थान. धुकं, आणि धुक्यात खाली सगळं पिवळं. आईला वाटलं झेंडू. मोहरी आहे म्हटलं, सरसों. तिला पटेना की मोहरी एवढी असते, आमच्याकडे मोहरी म्हणजे मिसळणाच्या डब्यातली एक वाटी. भरतपूरच्या आसपास एका शेतात मोर दिसले, तीन, आणि ते तिला मोहरीपेक्षा पटकन पटले. मथुरा आलं तशी अख्ख्या डब्यात हालचाल सुरू झाली, दोन रात्रींचा संसार आवरायला घेतलेला, चित्रकलेची वही शोधणं चाललेलं, अम्मा नवा गजरा नाही म्हणून केस नुसतेच नीट करत होत्या. आणि आईनं काय केलं, आपली चादर, उशीचा अभ्रा, ब्लँकेट, सगळं घडी घालून, कोपऱ्याला कोपरा लावून बर्थवर रचून ठेवलं. माझंही घातलं. अटेंडंट येऊन म्हणाला, "माताजी, रहने दीजिए, ये तो धुलने जाएगा." तिला तेवढं हिंदी कळलं. म्हणाली, जाऊ दे की धुवायला, आपण उठलो तर घडी घालून उठावं. तो हसला आणि त्यानं त्या घड्या तशाच, न मोडता, गोणीत भरल्या. मी मुद्दाम बघत होते.

निजामुद्दीनच्या फलाटावर अम्मांची मुलगी ड्युटीवरून थेट आलेली, नर्सच्या युनिफॉर्मवर स्वेटर घालून, आणि माझा भाऊ कानटोपीत. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले. बोलल्या काहीतरी, आपापल्या भाषेत, एकाच वेळी. मग गर्दीनं दोन बाजूंना नेलं.

बारसं झालं, नारळ फुटले, काड्या कुठे गेल्या माहीत नाही. आई महिनाभर राहिली आणि थंडीला शिव्या घालत परत आली. आता तिच्या बोलण्यात नकाशाची भर पडलीय, कोणी मुंबईला जातो म्हटलं की ती विचारते, मुंबईलाच की पुढे.

२०२५ च्या सप्टेंबरात मी गावी होते. टीव्हीवर मिझोरमची बातमी लागलेली, बैरबी ते सैरांग नवीन लाईन, ५१ किलोमीटरच्या वर थोडी आणि त्यात ४८ बोगदे, एक पूल तर कुतुबमिनारपेक्षा उंच, आणि पहिल्यांदाच ऐजॉलच्या दारापर्यंत रेल्वे. आणि सैरांगहून दिल्लीला राजधानी, तिला झेंडा दाखवतानाची चित्रं. हिरवे डोंगर, ढग, बोगद्याची तोंडं. आई अंगणातून हात पुसत आत आली आणि म्हणाली, हे आपलं उक्षी काय गो? मी म्हटलं नाही, फार लांब आहे, पार त्या टोकाला. ती उभ्यानंच बघत राहिली. होर्तोकी, कॉनपुई, मुआलखांग अशी मधल्या स्टेशनांची नावं मी तिला मोबाईलवरून वाचून दाखवली, तिनं एकही परत म्हणून बघितलं नाही.

"मध्ये थांबते काय ती?" तिनं विचारलं.

मी वेळापत्रक शोधायला लागले, रेंज येत-जात होती, तोवर तिनंच सूप पुढ्यात ओढलं आणि कुळीथ निवडायला बसली. "नसंल थांबत," ती म्हणाली. "पोरं डबे मोजत असतील."